बैठकीतला कापूस

डॉक्टरांसमोर एक छापील कागद होता आणि त्यावर प्रश्न होते. घरात चूल आहे का? विडी, सिगरेट कोणी ओढतं का? कुत्रं, मांजर, कोंबड्या, कबुतरं? अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल? भिंतींना ओल? नवा रंग? गालिचे? गालिच्यांचं नाव निघाल्यावर अक्का हसली, हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत डॉक्टर पेन तसंच वर धरून बसले.

उत्तरं मी देत होतो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे, आणि प्रश्नावली समोर आली की मला जरा स्फुरण चढतं. चूल नाही, गॅस आहे. आंघोळीच्या पाण्याचा बंब आहे पण तो मागच्या अंगणात. दाजी तंबाखू खातात, ओढत नाहीत. मांजर एक आहे, पण त्याचा मुक्काम चार घरी असतो. अगरबत्ती सकाळ-संध्याकाळ, कॉइल रात्री. मी एकेक सांगत होतो आणि डॉक्टर लिहून घेत होते. ते परमुलखातून येऊन परभणीत दवाखाना थाटलेले तरुण डॉक्टर होते. मागच्या भिंतीवर त्यांच्या पदव्या चौकटीत लावलेल्या होत्या, त्या मी वाट पाहताना दोनदा वाचून काढल्या होत्या.

शेवटी त्यांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "आणखी काही? धुळीचं, भुशाचं असं काही साठवलेलं घरात?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई बा," ती म्हणाली. "दोन टायमाला झाडते मी."

त्या वेळी तिच्या बैठकीत छताला टेकायला हातभर कमी, एवढा कापूस भरलेला होता.

आम्ही खोटं बोललो नव्हतो. लपवायचं तर आधी आठवायला लागतं, आणि आम्हाला ते आठवलंच नाही. आमच्याकडे घरात कापूस आहे असं कुणी म्हणत नाही. घर कापसानं भरलंय असं म्हणतात, तेही कौतुकानं. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की बोचकी घरात यायला लागतात आणि पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात रिचवली जातात. महिनाभरात कोपऱ्याची भिंत होते. मग माणसं त्या भिंतीला पाठ टेकून चहा पितात, पोरं तिच्यावरून घसरगुंडी करतात. अंगाला खाज सुटते, कापसातले लाल किडे अंथरुणात सापडतात, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण ज्याच्या घरी खाज नाही त्याच्या घरी कापूस नाही.

अक्काचं गाव ताडकळसच्या अंगाला. घर स्लॅबचं, तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. दाजी खाऊनपिऊन सुखी शेतकरी. कुणाचं देणं नाही, कुणाच्या दारात जाणं नाही, आणि ह्या दोन गोष्टी ते दिवसातून एकदा तरी सांगतात. बैठकीच्या उत्तरेच्या भिंतीवर त्यांचं वैभव मांडलेलं होतं. खाली बटणांचा बोर्ड, त्याच्या वर आदर्श शेतकरी म्हणून त्यांना शाल-श्रीफळ दिलं तेव्हाचा फोटो, फोटोच्या बाजूला खिडकी, आणि सगळ्यांच्या वर त्यांच्या वडिलांची तसबीर. कापूस किती झाला हे त्या भिंतीवरून कळायचं. बोर्ड बुडाला की दिवाळी आली. फोटो बुडाला की साल बरं. खिडकी बुडाली की दाजी गावात सावकाश चालायला लागायचे. त्या वर्षी खिडकी तर बुडालीच, वडिलांच्या तसबिरीचा फक्त फेटा दिसत होता.

लक्ष्मीपूजनाला अक्कानं त्या ढिगालाच हळदकुंकू वाहिलं. मी दिवाळीला तिथं होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चार माणसं बसली होती आणि मी पेपर वाचत होतो. दाजी म्हणाले, "मास्तर, भावाचं काय लिहिलंय बगा की." आतल्या पानावर एक लेख होता. परदेशातला साठा, कापडगिरण्यांची मागणी, जहाजांची भाडी असं बरंच काही. मी तो मोठ्यानं वाचला. नुसता वाचला नाही, मध्येमध्ये थांबून समजावूनही सांगितला. उन्हाळ्याच्या तोंडाला भाव चढेल असं दिसतं, असं मी चष्मा काढून म्हणालो. चष्मा काढायची काही गरज नव्हती. चारही माणसांनी माना हलवल्या. दुसऱ्यांच्या बडेजावाला मी आयुष्यभर हसत आलो आहे, आणि त्या सकाळी मला चार श्रोते मिळाले तर मी जहाजांच्या भाड्यांवर बोललो.

अक्काचा दम त्याआधीपासूनचा होता, पण थंडीपुरता. आजवर खिडकी बुडाली तरी संक्रांतीच्या आत माल जायचा. बोर्डापर्यंत उरलाच तर उरायचा. त्या वर्षी तो जागचा हलला नाही आणि दम वाढत गेला. भाकरी थापताना मध्येच थांबायची. अंगणातून आत आली की दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची, आणि कुणी पाहिलं तर चौकटीवरचं जाळं काढल्यासारखं करायची. म्हणून मी तिला परभणीला डॉक्टरांकडे नेलं होतं.

डॉक्टरांनी ओढायचं औषध दिलं आणि घरातली हवा सुधारा म्हणून सांगितलं. हे वाक्य दाजींना अपमानासारखं लागलं. "खेड्यातली हवा सुधरा म्हणतेत परभणीवाले," ते म्हणाले. "त्यायच्या नालीवर दवाखाना हाय."

पण भाचा कामाला लागला. अक्काला हा एकच मुलगा. एकतीस वर्षांचा, शिकलेला, शेती करणारा, आणि म्हणून बिनलग्नाचा. त्यानं आईसाठी मोबाइलवर जेवढं सापडेल तेवढं वाचलं, आणि जे त्याला सापडलं नाही ते मी पुरवलं. आधी अगरबत्ती बंद झाली. अक्कानं देवांची समजूत काढली की डॉक्टरांचं आहे, माझं नाही. मग कॉइल बंद झाली आणि मच्छरदाण्या आल्या. मांजर पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडलं, ते आमच्याआधी घरी पोचलं. पडदे धुतले. उशा उन्हात टाकल्या. मग कुठंतरी असं निघालं की काही झाडं घरातली हवा शुद्ध करतात. भाच्यानं परभणीहून चार कुंड्या आणल्या. बैठकीत जमिनीवर जागा नव्हती. म्हणून त्या कापसाच्या ढिगावर, पुढच्या कडेला, ओळीनं मांडल्या.

त्या कुंड्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. छान दिसतात म्हणालोसुद्धा. पांढऱ्यावर हिरवं उठून दिसत होतं.

झाडांनी फरक पडेना तेव्हा हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायचं ठरलं. ही कल्पना माझी. गावातला वायरमन आला. पंचविशीचा, कानावर पेन्सिल. तो बैठकीत उभा राहून म्हणाला, "बसवायचा कुठं? खिडकीत बसला असता, पर खिडकी कुठंय तुमची?"

"हाय माघं," दाजी ढिगाकडे हात करून म्हणाले. "तिचं काय काम हाय? भिंत फोड."

मग रस्त्याकडची भिंत फोडली. दिवसभर छिन्नी-हातोडा चालला. अक्काला स्वयंपाकघरात बसवून दार लावून घेतलं होतं. संध्याकाळी पंखा फिरला, दाजींनी नारळ फोडला, आणि वायरमनचा फोटो निघाला. खिडकी असलेल्या खोलीत हवेसाठी भिंत फोडली, ह्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, माझ्यासकट.

चौथ्या दिवशी पंखा थांबला. वायरमनला पुन्हा बोलावलं. तो स्टुलावर चढला, जाळी काढली आणि तसाच थांबला. मग त्यानं दोन बोटांनी जाळीच्या मागून काहीतरी सोलून काढलं आणि आम्हाला दाखवलं. करड्या रंगाची, बोटभर जाड, लोकरीच्या घोंगडीसारखी एक चकती होती ती. तिच्यात पाल्याचा चुरा होता, किड्यांचे पाय होते आणि बारीक तंतू होते. उजेडात धरल्यावर तिच्यातून धूर निघावा तशी भुकटी उडाली.

"चार दिवसाचंय हे," वायरमन म्हणाला. "पंखा हाय म्हणून इथं आडकलं."

तो खाली उतरला, चकती दारातून बाहेर टाकली आणि हात झटकत म्हणाला, "काकू ह्याच खोलीत बसतेत का दिवसभर?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. कापसाचं सांगितलं. "घरात?" त्यांनी विचारलं. "राहत्या घरात कापूस ठेवतात?" मी हो म्हणालो. "किती?" खिडकीच्या वर, असं मी सांगितलं. ते म्हणाले, बाकी सगळं राहू द्या, आधी तो बाहेर काढा, किंवा त्यांना बाहेर काढा. मग म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला." विचारलं होतं, खरंच.

त्या दिवशी दुपारी ओट्यावर मी दाजींना म्हणालो, "दाजी, कापूस काढावा लागतो."

"काढून टाकायचा कुठं?"

"शेतातल्या शेडात टाका. नाहीतर विकून टाका."

"शेडात उंदरं हायेत. आन इकायचं म्हणता तर तुमीच पेपर वाचून दाखवलात. उन्हाळ्यात चढणार म्हणलात. मास्तर म्हणतेत म्हणून गावात आनखी चार घरांनी माल ठेवलाय. आता त्यायला काय सांगू?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांचा माझ्यावर खरोखर विश्वास होता. मी म्हणालो की पेपरातलं सगळंच खरं होत नाही. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुजाऱ्यानंच देव नाही म्हटलं.

आतून अक्का आली. दाराला धरून उभी राहिली. "त्यायला कशाला बोलायलास," ती म्हणाली. "मीच म्हणलं राहू द्या."

"तू?"

"पोराला बघायला येतेत माणसं. मोकळ्या बैठकीत कुणी पोरगी देतंय का रे? नोकरी न्हाई पोराला. निदान घर भरलेलं तर दिसू दे."

"अक्का, तो कापूस तुझ्या छातीत जायलाय."

"कापूस काय इंचू हाय का डसायला? जलमभर त्याच्यातच हाय मी." एवढं बोलायला तिला मध्ये तीनदा थांबावं लागलं.

तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. भाच्यासाठी तीन ठिकाणं येऊन गेली होती. एकांना नोकरी पाहिजे होती. दुसऱ्यांना परभणीत प्लॉट पाहिजे होता. तिसऱ्यांनी काही न सांगता फोन घेणं बंद केलं. शेती करणाऱ्या पोराला आमच्याकडे मुलगी मिळत नाही, हे आता बातमीतही येत नाही. अक्काला तिच्या दमापेक्षा ह्या गोष्टीची जास्त धास्ती होती, आणि त्या धास्तीवर ओढायचं औषध नव्हतं.

कापूस निघेना म्हणून मी अक्काला काढलं. परभणीला माझ्या घरी आणलं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन माणसं, चार खिडक्या. पहिले आठ दिवस ती पायऱ्या चढून वर आली की पलंगावर बसून राहायची. दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर जायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तिनं माझ्या बायकोला बाजूला सारून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि चपात्यांवरून भांडण केलं. सलग एवढं भांडण तिला दिवाळीपासून जमलं नव्हतं. मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी नळीत फुंकायला लावलं आणि आकडा पाहून मान हलवली. आता कुणाला काही पटवून द्यायचं राहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती खिडकीत बसायची. एकदा म्हणाली, "तुझ्या घरात हवा लय हाय रे. माणसंच न्हाईत."

"दम लागतो का?"

"दम न्हाई लागत. करमत बी न्हाई."

मग भाच्याचा फोन आला. पोखर्णीकडचे पाव्हणे रविवारी घर बघायला येणार होते. पोरीला शेतकरी चालतो म्हणाले होते. हे वाक्य अक्कानं फोनवर त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि पिशवी भरायला काढली.

मी अटी घातल्या. तोंडाला मास्क लावायचा, बैठकीत जायचं नाही, सोमवारी परत यायचं. ती सगळ्याला हो म्हणाली. एवढ्या पटकन हो म्हणणारं माणूस ऐकणार नसतं, हे मला कळायला हवं होतं. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, तेही मी केलं नाही. त्यांनी नको म्हटलं असतं, आणि मग तिच्याशी मला भांडावं लागलं असतं.

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा घरात खल चालला होता. पाव्हणे पंधरा-वीस. बैठकीत ढीग दोन तृतीयांश खोली व्यापून बसलेला. माणसं बसवायची कुठं? अंगणात मांडव घालावा असं मी सुचवलं. दाजी म्हणाले, अंगणात बसवलं तर कापूस दिसायचा कसा? ठरलं असं, की पुढचा अर्धा ढीग उचलायचा आणि मधल्या खोलीत टाकायचा. मागचा अर्धा भिंतीला तसाच ठेवायचा. मधली खोली म्हणजे अक्काची खोली. तिथं तिची खाट होती.

"दोन दिसाचा तर सवाल हाय," दाजी म्हणाले. "पाव्हणे गेले की टेम्पो बोलावतो. देतो इकून. शब्द देतो मास्तर तुमाला."

ते खरं बोलत होते. त्यांनी टेम्पोवाल्याला फोनही केला होता.

चादरी पसरल्या, कापूस भरला, चारी टोकं बांधून बोचकी केली आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला लागलो. मीही नेली. दाजी वयस्कर, भाचा एकटा, शेजारचे दोघं आलेले. मी बाजूला उभं राहून काय करणार होतो? आठ बोचकी माझ्या पाठीवरून अक्काच्या खोलीत गेली. मधल्या खोलीत कापूस मावेना तेव्हा भाचा आणि शेजारचा एक जण ढिगावर चढून तो पायांनी तुडवायला लागले. कापूस तुडवताना जी भुकटी उठते तिच्यात समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. अक्का दारात उभी होती. मास्क गळ्यात, तोंडावर पदर. "त्या कोपऱ्यात दाबा," ती सांगत होती. "खाटंवर नका टाकू रे. बरं, टाका. टाका."

बैठकीत उरलेल्या ढिगाचा पुढचा भाग सरळ कापून काढला, भिंतीसारखा. त्याच्यावरून पहिल्या वेचणीचा सगळ्यात पांढरा कापूस हातानं लावला, घराला चुना द्यावा तसा. हे काम अक्कानं स्वतः केलं. तिच्याइतका सफाईचा हात कुणाचा नव्हता.

रविवारी पाव्हणे आले. त्यांच्यात गॉगलवाले दोघं, माजी सरपंच एक, आणि जाकीट घातलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे साहेब म्हणत होते, पण कशाचे ते कुणाला माहीत नव्हतं. साहेबांनी बसायच्या आधी कापसात हात घातला, एक चिमूट काढली, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू ओढली आणि म्हणाले, "धागा लांब हाय." सगळ्यांनी वळून कापसाकडे पाहिलं. पोराचं शिक्षण त्यानंतर विचारलं.

अक्का चहा घेऊन बाहेर आली. मास्क नव्हता. मी स्वयंपाकघरात तिला म्हणालो होतो, निदान तोंड बांध. ती म्हणाली, "आजारी सासू दिसली तर पोरीला सेवा करायला पाठवतेत का ते?" ती ट्रे घेऊन सगळ्यांपुढं फिरली, मग कडेला सतरंजीवर बसली. पाव्हण्यांच्या बायकांनी काय काय विचारलं. ती एका शब्दात उत्तर देत होती. हो. न्हाई. पाच. हाय की. दोन शब्दांचं उत्तर द्यायला तिच्याकडे वारा उरला नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ती हसत होती आणि नाकपुड्या फुगत होत्या.

जाताना पाव्हण्यांतली म्हातारी दुसरीला म्हणाली, "सासू कमी बोलणारी हाय. बरं हाय."

गाड्या वळणाआड गेल्या आणि अक्का ओट्याच्या पायरीवर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, पुढं वाकून. मला वाटलं थकली. ओढायचं औषध दिलं, दिलं, पुन्हा दिलं. ओठांचा रंग बदलायला लागला तेव्हा भाच्यानं गाडी आणली. परभणीपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो. तिची पाठ आतून शिट्टी वाजवत होती.

दवाखान्यात नऊ दिवस गेले. तेच डॉक्टर. त्यांनी मला काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी पोखर्णीहून होकाराचा निरोप आला. मी काचेच्या दाराआत जाऊन तिच्या कानाशी सांगितलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो तिनं हातानं नीट केला आणि मान हलवली. मग बोटांनी काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. भाच्याला कळलं. "पोरगी कशी हाय म्हणायलीय," तो म्हणाला. त्यानं मोबाइलमध्ये फोटो दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला.

दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

कागद होईपर्यंत दुपार झाली. गाडीत मी पुढं बसलो होतो, दाजी मागं तिच्याजवळ. ताडकळस मागं पडलं तेव्हा दाजींनी गावात फोन केला. आवाज नेहमीचाच होता. ते म्हणाले, "बैठक मोकळी करा. माणसं येतील."

आम्ही पोचायच्या आत काम झालेलं होतं. गल्लीतली वीस-पंचवीस माणसं लागली होती. बैठकीतला आणि मधल्या खोलीतला सगळा कापूस टेम्पोत भरून शेतातल्या शेडात नेऊन टाकला होता. उंदरांच्या शेडात. तासभरसुद्धा लागला नाही असं शेजारचा सांगत होता, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. दोघी बायकांनी फरशी पुसून काढली होती. कुंड्या ओट्यावर ओळीनं ठेवल्या होत्या.

त्या हंगामात पहिल्यांदाच मी ती भिंत पूर्ण पाहिली. बटणांचा बोर्ड. शाल-श्रीफळाचा फोटो, काचेवर करडी साय आलेला. वडिलांची तसबीर. आणि बंद खिडकी, तिच्या गजांमध्ये कापसाचे पुंजके अडकलेले.

अक्काला बैठकीच्या मधोमध ठेवलं. उशाशी दिवा लावला. बायका तिच्याभोवती बसल्या, बाप्यांनी भिंती धरल्या, आणि माणसं येतच राहिली. आजूबाजूच्या गावांची, सोयऱ्यांची. पोखर्णीचे पाव्हणेही आले, साहेब सोडून. खोली भरली, दारात माणसं दाटली. उन्हाळा लागला होता. रस्त्याकडचा पंखा बंद होता, त्याच्यात पुन्हा घोंगडी भरलेली असणार.

"माणसं लय झालीत," कुणीतरी म्हणालं. "गुदमरायलंय. ती खिडकी उघडा की."

भाचा उठला. कडी गंजली होती, त्यानं बुक्कीनं वर ठोकली. दोन्ही फळ्या बाहेर ढकलल्यावर कापसाचे पुंजके सुटून खाली पडले आणि वारं सरळ आत आलं. चांगलं वारं होतं. मागं बाभळीचं बन आहे, तिकडून येत होतं. बसलेल्या माणसांनी उपरणी सैल केली. एक जण हळूच म्हणाला, "आता कसं मोकळं वाटायलंय."

अक्काच्या अंगावरच्या चादरीची कड हलली. उशाशी दिवा होता, त्याची ज्योत आडवी झाली, सरळ झाली, पुन्हा आडवी झाली. जवळ बसलेल्या म्हातारीनं तिच्यापुढं हात धरला.

"इझायलाय दिवा," ती म्हणाली. "लोटा ती खिडकी."

खिडकीच्या सगळ्यात जवळ मीच उभा होतो. मी ती लोटून घेतली.